पायरीवरची थैली

मु. मोहटोला, पो. सावली, जि. चांदा
६ जानेवारी १९५५

संपादकमहाशय, साप्ताहिक 'पहारेकरी', नागपूर यांस,
सविनय नमस्कार.

परवा मंगळवारी सकाळी मी नागपुरात एका चहाच्या हॉटेलाच्या पायरीवर तांदळाची थैली ठेवली आणि कोणालाही हाक न मारता मागे फिरलो. तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही, म्हणून आपल्याला लिहीत आहे.

मी शेतकरी माणूस. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी वाचतो, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांची पत्रे वाचून देतो, लिहून देतो. आपले साप्ताहिक आमच्या गावी येत नाही. सावलीच्या दुकानातून गूळ, चहापत्ती आणतो, त्याच्या पुड्या आपल्या पानांत बांधलेल्या असतात. ती पाने मी सरळ करून वाचतो. 'संपादकांस विचारा' हे पान मला फार आवडते. एका बाईने सासरचा जाच लिहिला होता, तिला आपण बापाच्या मायेने उत्तर दिले होते. ते पान मी पोथीत जपून ठेवले आहे.

माझा मावसभाऊ नागपुरास शिंपीकाम करतो. बत्तीस वर्षांचा आहे, लग्न केलेले नाही. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, नव्या तांदळाची थैली लाल दोऱ्याने शिवून माझ्याजवळ दिली. रात्रीच्या छोट्या गाडीने मी उजाडता इतवारीला उतरलो. त्याच्या खोलीला कुलूप. शेजारच्या बाईने हसून सांगितले की तो सीताबर्डीवर, टॉकीजमागच्या गल्लीतल्या हॉटेलात सापडेल.

हॉटेलाचे दार अर्धे उघडे होते. आत बाकडी भिंतीला लावलेली, सतरंजीवर सातआठ पुरुष निजलेले. दोरीवर हिरवे लुगडे टांगलेले. माझा भाऊ भिंतीला टेकून जागा बसला होता. डोळ्यांतले काजळ ओघळलेले, हातात बांगड्या, आणि एका माणसाचे डोके त्याच्या मांडीवर. तो त्या माणसाला हळू आवाजात आमच्याकडचे एक धान रोवणीचे गाणे म्हणून दाखवीत होता. त्याने मला पाहिले नाही. मी थैली खाली ठेवली आणि आलो.

आमच्या गावी भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्यात रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो. दंडारीत बाईचे सोंग हाच घेतो. ते आम्ही सगळे कौतुकाने पाहतो. पण हॉटेलात सोंग कशाचे, आणि सकाळी कशाला? हा रोग आहे, की पाप आहे, की माझ्याच नजरेचा दोष आहे? त्याला माघारी कसे आणावे? आपण शहाणे आहात, मार्ग दाखवावा.

देवळात कोणासाठी अभिषेक करायचा तर त्याचे, बापाचे व गावाचे नाव पूर्ण सांगावे लागते. म्हणून लिहितो: गुणवंत डोमाजी गुरनुले, मोहटोला, जिल्हा चांदा. माझे नाव लिहीत नाही. दुखणे त्याचे आहे, मी नुसता विचारणारा.

आपला,
एक वाचक


सीताबर्डी, नागपूर
१० जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप नानाजी भाऊ यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तांदूळ पोचले. पण पोचले कसे तेच कळत नाही. मंगळवारी सकाळी, जिथे मी चहाला जातो त्या बापूजींच्या हॉटेलाच्या पायरीवर थैली ठेवलेली होती. आईचा लाल दोरा ओळखला, नाहीतर कोणी उचललीच असती. आणणाऱ्याने हाक का मारली नाही? कोणाच्या हाती पाठवली होती, कळवा. त्याला चहा तरी पाजला असता. आईला सांगा, भात शिजला तेव्हा सगळ्या चाळीत वास गेला.

आपला,
गुणवंत


मोहटोला
१७ जानेवारी १९५५

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले, मावशीला वाचून दाखवले. वासाचे ऐकून तिला बरे वाटले.

थैली भैयाजीच्या हाती पाठवली होती. तो बैल पाहायला उमरेडला निघाला होता, तसाच पुढे नागपूरला गेला. तुझा माग काढत हॉटेलापर्यंत आला असेल. ढोलकीवर हात ठेवला म्हणजे शेर, चार अनोळखी माणसे दिसली की बुजतो, तुला ठाऊक आहे. तू त्याला त्याबद्दल काही लिहू नकोस. उगीच शरमेल.

इकडे धान झोडून झाले. तलावात पाणी आहे, म्हणून वाडीत वांगी लावली आहेत. तू प्रकृतीला जप. सकाळी अंघोळ करून देवाचे नाव घेत जा. रात्री लवकर नीज.

तुझा,
नानाजी


नागपूर
२ मार्च १९५५

तीर्थस्वरूप नानाजी भाऊ यांस,
नमस्कार.

हे पत्र आईसमोर उघडले असेल तर इथेच थांबा. तिला सांगा, मी खुशाल आहे. बाकीचे एकट्याने वाचा.

इथे 'पहारेकरी' नावाचे साप्ताहिक निघते. पानटपरीवर टांगलेले असते. त्यात 'रात्रीचे नागपूर' म्हणून एक पान येते, लोक आधी तेच उघडतात. कोणाची बाई कोणाच्या टांग्यात दिसली, असले सगळे. मागल्या आठवड्यात त्यात मी आलो. मथळा होता 'लुगड्यातला गुणवंत'. खाली माझे नाव, बापाचे नाव, मोहटोला, जिल्हा चांदा. टॉकीजमागचे हॉटेल. "आमच्या प्रतिनिधीने स्वतः पाहिले" असे म्हणून डोळ्यांतले ओघळलेले काजळ, दोरीवरचे हिरवे लुगडे, मांडीवरचे डोके.

तुम्हाला काय वाटेल ते वाटो, खरे लिहितो. टॉकीजचा दुसरा खेळ सुटला की बापूजी फळ्या लावत आणि आम्ही आत बसत असू. दोन कारकून, एक कंपाउंडर, एक गाणारे म्हातारे मास्तर, मी, कधी आणखी दोघेतिघे. कोणी गझल म्हणे, कोणी नुसते चहा पीत बसे. लुगडी मी शिवलेल्या झंपरांसकट एका पेटीत असत. तिथे मला कोणी चिडवीत नव्हते. मंडईत तुम्ही बघता ना, ढोलकीवर थाप पडण्याआधी गावच्या बाया सूप घेऊन येतात आणि माझी ओटी भरतात. तांदूळ, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. माझी आईसुद्धा भरते. वर्षातून ती एक रात्र मला पुरत नव्हती, भाऊ. म्हणून मी तिथे जात होतो.

आता फळ्या कायमच्या लागल्या. पोलीस येऊन पेटी घेऊन गेले. कंपाउंडरची बायको माहेरी गेली. मास्तर कुठे आहेत कोणालाच ठाऊक नाही. मला मालकाने दुसऱ्याच दिवशी मशीनवरून उठवले. गिऱ्हाईक बायका असतात, म्हणाला, तुझ्या हातचे माप कोण देईल.

मी फार विचार केला. काजळ ओघळते ते सकाळी. लुगडे दोरीवर सकाळीच टांगतो. ते डोके मांडीवर असले ते फक्त एका सकाळी, कारण त्याला ताप होता, मी रात्रभर बसलो होतो. ती सकाळ थैलीची. आमच्यातले सोडून त्या सकाळी दारापर्यंत आला तो एकटा भैयाजी. बापाचे नाव, गाव त्यालाच माहीत.

भाऊ, कोणी दुसरा असता तर मी सोसले असते. दर साल मंडईला मी कशाला येतो? त्याची ढोलकी वाजते म्हणून येतो. त्याच्या लग्नात नवरीची चोळी मी शिवली. ती बाळंतपणात गेली तेव्हा गावी राहून सहा महिने त्याला जेवू घातले. त्याने पाहिले आणि हाक मारली नाही, इथवर मी समजू शकतो. पण लिहिता येत नसताना कोणाला तरी धरून लिहवून घेतले असेल, त्याचे काय?

तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय मी कोणाला विचारू?

आपला,
गुणवंत


मोहटोला
१९ मार्च १९५५

चि. गुणवंत यास,
आशीर्वाद.

तुझे पत्र एकट्याने वाचले. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो, दोनदा उठलो.

मावशीला काही सांगितले नाही. गावात कोणाला काही कळलेले दिसत नाही. तू धीर सोडू नकोस. वर्तमानपत्रवाल्यांना कुठून कुठून खबर लागते, आपण एका माणसावर बोट ठेवू नये. भैयाजीला मी काही विचारलेले नाही. त्याच्या मनात पाप असेल असे मला वाटत नाही. पण तुझे दुःखही मी समजतो.

दुसरे काम मिळेपर्यंत गावी येतोस का? वाडीत वांगी भरपूर आली आहेत.

देव सगळे पाहतो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझा,
नानाजी


नागपूर
२८ मार्च १९५५

भैयाजी,

हे पत्र नानाजी भाऊ तुला वाचून दाखवतील. म्हणजे एक माणूस साक्षीला राहील.

तू दारात आलास, पाहिलेस, आणि पेपरात सांगितलेस. माझे काम गेले. माझ्यामुळे आणखी चार माणसे देशोधडीला लागली. का केलेस, हे मी विचारत नाही. तुझ्या ढोलकीवर मी आता पाय उचलणार नाही. माझे नाव तोंडाने घेऊ नकोस.

गुणवंत


मोहटोला
५ एप्रिल १९५५
(भैयाजीने सांगितले तसे. लिहिणार नानाजी.)

गुणवंता, तुले भैयाजीचा रामराम.

नानाजी भाऊनं तुही चिठ्ठी वाचून दाखवली. तुले काम लई हाय, डोळे दुखते, म्हनून चिठ्ठी लहान लिहिली म्हने. बरं हाय. डोळ्यात गाईचं तूप घालत जा. माही गाय याली, गोऱ्हा झाला. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा हाय, म्हनून त्याचं नाव मी गुण्या ठेवलं. तुही माय हासली. तू राग नोको मानू.

उमरेडले गेलतो तं बैल काई जमले नाई. पुढं नागपूरले येऊन तुले भेटाव म्हनून लई मन झालतं. पन गाडीत नानाजी भाऊ होते ना. ते म्हनाले, तू बैल पाह्य, मी भेटून येतो. म्हनून नाई आलो. तू इचारलं नाई तरी सांगून राह्यलो.

ढोलकीले नवं कातडं चढवलं. औंदाच्या मंडईले तुह्या चाळाचा आवाज कमी नाई पडला पायजे. मी तुही वाट पाहून राह्यलो.

भैयाजी


मोहटोला
२५ नोव्हेंबर १९५५

चि. गुणवंत यास,
आशीर्वाद.

एप्रिलपासून तुझे एकही पत्र नाही. मावशी दर बाजाराच्या दिवशी विचारते. मी जुनीच पत्रे काढून वाचतो. तिला कळते की जुनी आहेत, तरी ऐकते.

मंडई झाली. झाली म्हणजे भरली. दंडार झाली नाही. कोसबी गावचा एक गडी आणला होता, लुगडे नेसून तयार बसला होता. बाया सूप घेऊन आल्या. मावशी पुढे होती. त्या गड्यासमोर आली आणि तशीच उभी राहिली. भैयाजी ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. पाटलाने दोनदा सांगितले तरी त्याने हात उचलला नाही. म्हणाला, "ओटी भरल्याबिगर थाप नाई पडत." लोक खूप बोलले. कोणी म्हणाले, ढोलकीवाल्याची नवरी रुसली काय. तो उठून गेला. सुपातले तांदूळ मावशीने घरी नेऊन वेगळे ठेवले.

तू आला असतास तर बरे झाले असते.

तुझा,
नानाजी


नागपूर
५ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप नानाजी भाऊ यांस,
नमस्कार.

मी १८ तारखेला मुंबईला जातो. तिथे एका नाटक कंपनीत कपडे शिवायचे काम आहे. पत्ता पाठवणार नाही. मुंबईत माणसाला गाव विचारत नाहीत म्हणे, तेवढेच मला हवे आहे.

सोबत पार्सलने पायातले चाळ पाठवले आहेत. भैयाजीने गडचिरोलीच्या बाजारातून आणून दिले होते. त्याला परत द्या. काही बोलू नका, नुसते द्या. एप्रिलातले त्याचे पत्र मी पहिल्या चार ओळींवर फाडले. मी काय लिहिले होते, आणि त्याने कळवले की गाय व्याली. वर माझे नाव वासराला. एवढा निर्ढावेल असे वाटले नव्हते.

आईला आणखी काही दिवस सांभाळा. तुम्ही नसता तर आमच्या घराला जगाशी बोलायला तोंडच नव्हते.

आपला,
गुणवंत


मोहटोला
१३ डिसेंबर १९५५

गुणवंता,

चाळ मिळाले. ते मी भैयाजीला दिले, पण तू सांगितलेस तसे मुकाट्याने दिले नाहीत. का ते लिहितो.

तू भैयाजीचे पत्र फाडलेस, त्यातल्या खालच्या ओळी वाचल्या असत्यास तर तुला तेव्हाच कळले असते. तो उमरेडच्या पुढे गेलाच नव्हता. थैली घेऊन मी आलो होतो. पायरीवर मी ठेवली. दारात मी उभा होतो. 'पहारेकरी'ला मी लिहिले.

त्या ओळी त्याने सांगितल्या तेव्हा माझा हात थांबला होता. गाळाव्यात असे मनात आले. पण आतापर्यंत बरेच गाळले होते, तेवढे नाही गाळवले. लिहून टाकले आणि पत्र पेटीत टाकून आलो. वाटले, आपण न सांगता आपोआप कळेल, बोलायची पाळी येणार नाही. तुझे उत्तर येत नाही हे पाहून समजलो की तुला कळले, आणि तू मला टाकलेस. आठ महिने मी ती शिक्षा समजून सोसत होतो, आणि खरे सांगायचे तर मला त्यात थोडे बरेही वाटत होते. तुझ्या परवाच्या पत्रात "तुम्ही नसता तर" हे वाचले, तेव्हा कळले की शिक्षा कोण भोगत होते.

तुझे वाईट व्हावे म्हणून लिहिले नव्हते. पण हे वाक्य मी इतक्यांदा मनाशी म्हटले आहे की आता त्याची मलाच किळस येते. पुडीच्या कागदावरचे एक पान वाचून मी त्या संपादकाला साधू समजलो. दुसरे पान कसे असते ते पाहिलेच नव्हते. तुझे नाव पूर्ण लिहिले, आणि माझे लिहिले नाही. हे मात्र अडाणीपणाने झाले नाही. ते मला तेव्हाही समजत होते.

फाल्गुनात सावलीला न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. एकाजवळ 'पहारेकरी' होता, तो मोठ्याने वाचीत होता. काजळ, लुगडे, मांडी. शब्द माझेच होते, थोडे इकडेतिकडे केलेले. सगळे हसत होते. न्हावी म्हणाला, "पोथीवाले भाऊ, हा तं तुमच्याच गावचा हाय ना?" मी म्हणालो, "असन कोनी." आणि हनुवटी वर केली. वस्तरा गळ्यावर होता, म्हणून बोललो नाही असे घरी येताना मनाला समजावले.

मग तुझे ते चार ओळींचे पत्र आले. भैयाजी रानातून मोळी टाकून धावत आला, हात धुतले, आणि माझ्या ओट्यावर मांडी घालून बसला. पत्र ऐकायला तो नेहमी हात धुऊन बसतो. मी कागद धरला आणि त्यात नव्हते ते वाचले. तुला काम फार आहे, डोळे दुखतात. तो म्हणाला, "एवढंच? पुन्हा एकदा वाच ना भाऊ." मी पुन्हा वाचले. पहिल्यांदा सांगितले तेच शब्द नीट आठवून पुन्हा सांगावे लागले. त्याच तोंडाने मी चातुर्मासात देवळात पोथी लावतो. या वर्षी लावली नाही. लोकांना सांगितले, चष्मा फुटला.

परवा चाळ आल्यावर मी भैयाजीला बोलावले. त्याने हात धुतले. मी म्हणालो, "आज दोन चिठ्ठ्या वाचायच्या हायेत. एक जुनी हाय." मार्चमधली त्याच्या नावाची तुझी चिठ्ठी आणि आत्ताची, दोन्ही जशाच्या तशा वाचल्या. मग माझे सांगितले, पहिल्यापासून. तो चाळातले एक एक घुंगरू बोटाने पुसत राहिला. शेवटचे पुसून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे आठ महिने तो मले शिव्या देऊन राह्यला, अन् मी त्याच्या डोळ्यात तूप घालून राह्यलो."

मी म्हणालो, "मार मले." तो म्हणाला, "तुले मारून चिठ्ठी कोन वाचन?" आणि उठला. ते त्याने थट्टेने म्हटले नाही.

मावशीला काल सांगितले. पेपर, हॉटेल, लुगडे, ताप, मी. ती धान पाखडत होती. मला वाटले, ती तुझ्यावर रडेल. तिने सूप खाली ठेवले आणि मला विचारले, "त्या तापवाल्या पोराचा ताप उतरला काय?" मी म्हणालो, माहीत नाही. मग ती म्हणाली, "बारशाले त्याचं नाव तूच काढलं होतं, नानाजी. पाटीवर लिहून दाखवलं होतं मले." आणि पुन्हा पाखडू लागली. ती यापुढे माझ्याकडून पत्र लिहवून घेणार नाही. शाळेवर नव्या इंदुताई आल्या आहेत, त्यांच्याकडे जाणार आहे. बरोबर आहे.

'पहारेकरी'लाही लिहिले, या वेळी माझे नाव पूर्ण घालून. छापतील असे वाटत नाही. त्यातून तुझे काम परत येणार नाही, की मास्तर सापडणार नाहीत. कंपाउंडरच्या घरी काय झाले असेल ते मनात आले की ताट तसेच सारून उठतो.

मी त्या सकाळी काय पाहिले, ते मला अजून पुरते कळलेले नाही. एका तापलेल्या माणसाला कोणीतरी गाणे म्हणून दाखवीत होते, एवढे आता कळते. ते गाणे तुझी आजी रोवणीत म्हणायची. तेव्हाच आत येऊन खाली बसलो असतो, तर काय झाले असते?

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी की न द्यावी याचा विचार करावा लागेल. तेवढेही ओझे आता तुझ्यावर नको.


मूल स्टेशन
१४ डिसेंबर, दुपार

हे पत्र पेटीत टाकणार होतो. १८ तारखेच्या आत पोचेल की नाही याचा भरवसा नव्हता, आणि पोचले तरी तू पहिल्या चार ओळींवर फाडशील.

म्हणून काल संध्याकाळी भैयाजीकडे गेलो. त्याच्या दारात मी कधी काही मागायला गेलो नव्हतो. तो गोऱ्ह्याला वैरण घालत होता. मी विचारले, "नागपूरले जातस काय?" तो म्हणाला, "तिथी मले कोन वळखते? कुठी जाऊ, कोनाले पत्ता विचारू?" मी पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याला म्हणालो, कोणालाही दाखव, वाचून देईल. तो कागद हातात धरून हसला. म्हणाला, "बरोबर वाचन ना पन?"

पहाटे निघालो. सावलीपासून मूलपर्यंत त्याची ढोलकी मी खांद्यावर आणली. त्याच्या एका हातात चाळ होते, दुसऱ्या हातात मावशीने शिवलेली थैली. तिच्यात मंडईला कोणाच्याच ओटीत न पडलेले सुपातले तांदूळ आहेत, वर खोबऱ्याची वाटी. दोरा लाल आहे.

छोटी गाडी लागली आहे. भैयाजी डब्यात बसला, खिडकीतून हात पुढे करून पत्र मागतो आहे. तो तुझ्या दारात उभा राहील तेव्हा हाक मारील, मी तसे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. तू मुंबईला जा, नाहीतर गावी ये, नाहीतर कुठेच जाऊ नकोस, ते तुझे तू ठरव. मी माझ्यापुरते केले. या वेळी थैली खरोखरच भैयाजीच्या हाती दिली आहे.

नानाजी कवडू मोहुर्ले
मोहटोला, जिल्हा चांदा